आधी पदनाम बघ

प्रिय मुली,

रात्री पावणेबाराला पाठवलेला तुझा निरोप सकाळी वाचला. शेजारच्या टेबलावरचा मुलगा तुझ्यानंतर आठ महिन्यांनी लागला, काम तेच, आणि पगार तुझ्यापेक्षा अकरा हजारांनी जास्त. "मलाच नीट मागता आलं नाही का?" असं विचारतेस. नाही गं. हा दोष आधी स्वतःच्या माथ्यावरून उतरव.

मी एकतीस वर्षं एका कारखान्याच्या पगार विभागात काढली. पॅकिंगच्या एकाच यंत्रावर बाया आणि पुरुष समोरासमोर उभे असत. बायांची नोंद 'हेल्पर', पुरुषांची 'ऑपरेटर'. पाळी बदलली की जागांची अदलाबदल व्हायची, पदनामांची कधीच नाही. ते पत्रक दर महिन्याला माझ्याच हातून जायचं आणि कितीतरी वर्षं मला त्यात काही वावगं दिसलं नाही. श्रेणीच वेगळी म्हटल्यावर पगार वेगळा असणारच, असं वाटायचं. त्याची लाज अजून जात नाही. म्हणून सांगते, आकड्याच्या आधी पदनाम बघ. तुझ्या आणि त्याच्या नेमणूकपत्रात एकच शब्द आहे का?

ऑड्री डिकॉस्टा हे नाव तू ऐकलं नसशील. मुंबईत मॅकिनन मॅकेन्झी कंपनीत त्या स्टेनोग्राफर होत्या. वरिष्ठ साहेबांकडे काम करणाऱ्या बायकांना तिथं 'लेडी स्टेनोग्राफर' म्हणत आणि पुरुष स्टेनोग्राफरांपेक्षा कमी पगार देत. 1977 मध्ये त्यांची नोकरी गेली, तेव्हा 1976 च्या समान वेतन कायद्याखाली त्यांनी दाद मागितली. हायकोर्टातही जिंकल्या, तरी कंपनी सुप्रीम कोर्टात गेली. युनियनशी करार करूनच श्रेणी ठरल्या, आणि आमची आर्थिक स्थितीही नाजूक आहे, असं कंपनीचं म्हणणं. 1987 मध्ये कोर्टानं दोन्ही सबबी फेटाळल्या. काम सारखं आहे की नाही हे बारीकसारीक फरक उकरून ठरवायचं नसतं, एकंदर कामाचं स्वरूप बघायचं असतं, हे त्या निकालात स्पष्ट आहे. दहा वर्षं लागली त्या बाईला. तुझ्यावर ती पाळी येऊ नये म्हणून तर लिहायला बसले.

तुमच्याकडे 'लेडी' असं कोणी लिहिणार नाही. तुमच्याकडे तो फरक भरतीच्या वेळच्या एका प्रश्नातून येतो: आधी किती मिळत होतं? घराजवळ म्हणून तू पहिली नोकरी कमी पगारावर धरलीस. त्यावर तीस टक्के वाढ दिली म्हणून इथं सगळे खूश, तूही खूश. पण जुनी तूट त्या तीस टक्क्यांसकट पुढं आली. पुढच्या मुलाखतीत मागचा आकडा विचारला तर "या पदाची पगारश्रेणी काय आहे?" असं उलट विचार. आवाज न चढवता.

आता एचआरला मेल. त्या मुलाचं नाव त्यात अजिबात नको, त्यानं विश्वासानं सांगितलंय. घरभाडं, बाबांचं औषधपाणी हेही नको. हा हिशेब आहे, विनवणी नव्हे. वर्षभरात काय काय केलंस ते तारखांसह लिही, आणि खाली एकच प्रश्न: माझ्या पदाची श्रेणी किती ते किती, आणि मी तिच्यात नेमकी कुठे बसते? तोंडी उत्तर दिलं तर त्याच दिवशी "आपलं असं बोलणं झालं" म्हणून मेलवर टाक.

कोणी म्हणेल, "मग त्याचा पगार कमी करावा लागेल." घाबरू नकोस. बरोबरी साधायला कोणाचा पगार कमी करता येत नाही, हे 1976 च्या कायद्यात होतं आणि त्याची जागा घेणाऱ्या 2019 च्या वेतन संहितेतही आहे.

मसुदा रविवारपर्यंत मला पाठव. आणि नेमणूकपत्राचा फोटोही. पदनामाची ओळ नीट दिसेल असा काढ.

तुझी,
मावशी