मार्च एंडिंग, शेवटचं सेम आणि तो तिकडे जर्मनीत

होळी झाली की माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो, शब्द वेगळे असतात पण मुद्दा तोच. "मॅडम, मला त्याच्याशी बोलायचाच कंटाळा यायला लागलाय, म्हणजे माझं प्रेम संपलं का?" अशाच एका मुलीबद्दल सांगते, तिला विचारून आणि ओळख पटेल असे तपशील बदलून.

नाशिकचीच मुलगी, चोविशीतली. सकाळी सातपासून एम.कॉम.चे लेक्चर्स, शेवटचं सेम, तिथून तशीच गाडी काढायची आणि अंबड एमआयडीसीत एका कंपनीच्या अकाउंट्समध्ये नोकरी. मार्चमध्ये अकाउंट्सवाल्यांचे काय हाल असतात ते ज्यांच्या घरात कोणी आहे त्यांना विचारा, १५ तारखेला अॅडव्हान्स टॅक्सचा शेवटचा हप्ता, २० ला जीएसटीचं रिटर्न, ३१ ला वर्ष बंद, मध्ये स्टॉक मोजायचा, ग्राहक-पुरवठादारांच्या मागे लागून बॅलन्स जुळवायचे, घरी यायला नऊ वाजतात आणि मग प्रोजेक्ट उघडायचं. तो जर्मनीत एमएस करतोय. दोन्ही घरी माहितीये, बोलणी अजून नाहीत. तो निघाला तेव्हा दोघांनी ठरवलेलं की काहीही झालं तरी रोज रात्री व्हिडिओ कॉल. त्याचे संध्याकाळचे सात म्हणजे थंडीत आपले साडेअकरा, तासभर बोलणं, आणि हिला उठायचं पहाटे साडेपाचला.

भांडण पेटलं रंगपंचमीला. ही तासभर मैत्रिणींसोबत रहाडीवर, म्हणजे आमच्याकडच्या रंगाच्या जुन्या हौदावर, रंग खेळायला गेली, फोटो स्टोरीला टाकला, त्याने तो पाहिला. "माझ्याशी बोलताना तुला झोप येते आणि रहाडीवर जायला मात्र वेळ आहे!" त्यानंतर चार दिवस कॉल नाही आणि मग ही माझ्यासमोर, डोळे सुजलेले.

मी आधी झोपेचंच विचारलं. जेमतेम पाच तास, तेही कित्येक आठवडे. अगं, एवढ्या झोपेवर माणसाला आईसुद्धा नकोशी वाटते, मी तिला सरळ सांगितलं की पेपर संपेपर्यंत नात्याचा निकाल लावायचाच नाही, कुठल्याच बाजूने नाही. मग एकच विचारलं, दिवसभरात काही बरं-वाईट घडलं की पहिल्यांदा कोणाला सांगावंसं वाटतं? ती लगेच म्हणाली, "त्यालाच. परवा साहेब सगळ्यांसमोर ओरडले तेव्हा जिन्यात उभं राहून त्याचाच नंबर काढला होता, पण तिकडे तो झोपेत असणार, आणि रात्री कॉल येईपर्यंत सांगायचं त्राणच उरलं नाही."

मला इथे प्रेम आटल्याचं काही दिसत नव्हतं, थकवा दिसत होता, आणि अशा बहुतेक जोड्यांमध्ये मला हेच दिसतं.

पुढच्या वेळी त्यालाही व्हिडिओवर घेतलं. तिकडच्या युनिव्हर्सिटीत हिवाळ्याचे लेक्चर्स फेब्रुवारीच्या मध्यात संपतात आणि पुढचे साधारण एप्रिलच्या मध्यात सुरू होतात, म्हणजे इकडे हिला श्वास घ्यायला फुरसत नाही नेमकं तेव्हा तिकडे हा रूमवर एकटा, मित्र फिरायला गेलेले, थंडी अजून हटलेली नाही. "मॅडम, अख्ख्या दिवसात मी मराठी बोलतो ते त्या एका तासात," असं म्हणाला तेव्हा ही गप्पच झाली. तिने त्याचा रिकामा वेळ कधी डोळ्यासमोर आणला नव्हता आणि त्याने हिचा मार्च.

रोजच्या कॉलचा नियम त्यांनी केला तेव्हा तिला ना नोकरी होती ना प्रोजेक्ट. परिस्थिती सगळी बदलली, नियमाला मात्र कोणी हात लावला नाही. तो बदलायचा म्हटल्यावर तीच घाबरली, "कॉल कमी केले तर अजून लांब जाऊ ना आम्ही?" ही भीती खोटी नाही, पण अर्धवट झोपेत हं हं करत ऐकलेल्या सात कॉलपेक्षा नीट जागेपणी बोललेले दोन कॉल नातं जास्त सांभाळतात असं माझं मत आहे. तर शेवटच्या पेपरपर्यंत बुधवार आणि रविवार कॉल, बाकी दिवस जमेल तेव्हा व्हॉइस नोट, उत्तर लगेच आलंच पाहिजे असं नाही. शेवटच्या पेपरची तारीख मुद्दाम दोघांच्या कॅलेंडरमध्ये टाकायला लावली, कारण 'थोडे दिवस' म्हटलं की लांब असलेल्या माणसाला ते कायमचं वाटतं. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात, म्हणजे त्याचे सात आपल्या साडेदहाला वाजणार, ही आठवण त्यानेच करून दिली. तिनेही धीर करून ऑफिसात परीक्षेची रजा आधीच मागून घेतली.

सगळ्यांचं असं नसतं. तुम्ही कुठे आहात याचं लोकेशन रोज मागितलं जात असेल, फोन वाजला की पोटात गोळा येत असेल तर तो वेळापत्रकाचा प्रश्न नाहीये, ते नातं वेगळं तपासावं लागतं. आणि सुट्टी मिळूनही झोप येत नसेल, जगणंच नको वाटत असेल तर परीक्षा संपायची वाट बघू नका, टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

या दोघांचं अजून सगळं मिटलेलं नाही. तो परत येणार की ही तिकडे जाणार यावर मतभेद आहेत, मोठे आहेत, पण तो विषय त्यांनी आपणहून जूनवर टाकलाय, तेव्हा दोघं मिळून परत माझ्याकडे येणार आहेत.