शेवटची पंधरा पानं

‘‘घेतो हो पुस्तकं, पण एक धड पूर्ण करत नाही.’’ समुपदेशनासाठी माझ्यासमोरच्या खुर्चीत बसून हे वाक्य किती पालकांनी म्हटलं असेल, याची मोजदाद मी केव्हाच सोडली. त्यापाठोपाठ ‘मोबाइल’ येतो, मग ‘एकाग्रता’, आणि शेवटी ‘तुम्हीच काही पुस्तकं सुचवा ना’. पुस्तकं मी सुचवत नाही, ज्यांचं ते काम आहे त्यांच्याकडे पाठवते. का, ते एका मुलाने मला शिकवलं. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुलगा बारा वर्षांचा. आई पुरावा घेऊनच आली होती: पिशवीत पाच पुस्तकं, पाचही अर्धवट. मी पिशवी बाजूला ठेवली आणि झोप, शाळा, मित्र, मोबाइल यांवर बोलत राहिले. दोन भेटी अशाच गेल्या. तो ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ म्हणत राहिला. पिशवी मी उघडूनही पाहिली नाही, हे लिहिताना आजही लाज वाटते.

तिसऱ्या वेळी दोघांना बालग्रंथालयात घेऊन गेले. तिथल्या ग्रंथपाल ताई माझ्या जुन्या ओळखीच्या. ‘तुला काय आवडतं?’ असं त्या मुलांना कधीच विचारत नाहीत. त्यावर मुलं तोंडी परीक्षेसारखं शहाणं उत्तर देतात, असं त्यांचं म्हणणं. त्या विचारतात, ‘‘कुठलं पुस्तक मध्येच टाकून दिलंस?’’ यावर मात्र मुलं भरभरून बोलतात. अक्षर बारीक होतं, नायक अतिशहाणा होता, कुत्रं मेलं. तेवढ्यावर ताईंना पुढचं पुस्तक सापडतं.

मुलाने पिशवीकडे बोट केलं. ‘‘ही सगळी.’’

ताईंनी एक पुस्तक उचललं, पानाचा दुमडलेला कोपरा शोधला. मग दुसरं, तिसरं. पाचही पुस्तकांत तो कोपरा शेवटून दहा-पंधरा पानांवर होता.

‘‘अरे, चोर सापडायच्या आतच थांबलास?’’

‘‘चोर कोण ते कळलं होतं मला.’’

‘‘मग संपवलं का नाहीस?’’

आईकडे न बघता तो म्हणाला, ‘‘संपलं की वहीत लिहावं लागतं.’’

वही आईनेच सुरू केली होती. पुस्तकाचं नाव, लेखक, सारांश आणि ‘मला यातून काय शिकायला मिळालं’. ‘‘मी त्याच्या भल्यासाठीच...’’ एवढं बोलून त्या थांबल्या. मी म्हटलं, ‘‘वहीत वाईट काही नाही. फक्त ती प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी दबा धरून बसलेली असते.’’ तो पहिल्यांदाच माझ्याकडे बघून हसला. मला वाटतं, आमचं काम खरं त्या क्षणी सुरू झालं.

मुलगा वाचत होता, हातचं राखून. एकाग्रता शाबूत होती, उलट कुठे थांबायचं याचा त्याचा हिशेब पक्का होता. ज्याला आपण आळस म्हणतो, तो कितीदा तरी मुलाने स्वतःपुरता काढलेला मार्ग असतो. मी या विचाराच्या मुशीतली आहे आणि या मुलाने तो पुन्हा खरा करून दाखवला. १९७३ साली मानसशास्त्रज्ञ मार्क लेपर आणि सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या, चित्रांची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. ‘चित्रं काढलीत तर प्रमाणपत्र देऊ’ असं ज्यांना आधी सांगितलं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. न सांगता प्रमाणपत्र मिळालेल्यांचं तसं झालं नाही. बक्षिसाने जर हे होतं, तर सारांशाने काय होत असेल! फ्रेंच लेखक दानिएल पेनाक स्वतः शिक्षक होते. १९९२ साली त्यांनी वाचकाचे दहा हक्क मांडले. पुस्तक पूर्ण न करण्याचा हक्क त्यात आहेच, पण माझा आवडता दहावा, वाचलेल्याविषयी गप्प राहण्याचा.

आईला मी एकच सांगितलं: वही बंद, आणि ‘काय शिकलास’ हा प्रश्नही बंद. ताईंनी तीन पुस्तकं टेबलावर मांडली. एक सोपं, एक जरा दमवणारं आणि एक त्याने स्वतः कधीच उचललं नसतं असं. ‘‘पहिलं पान वाचून बघ’’ म्हणून त्या चक्क निघून गेल्या. मला तरी ते इतक्या सहज जमत नाही.

तुमच्या घरीही हे करता येईल. वाचनालयाचं कार्ड मुलाच्या नावावर असू द्या, चुकीचं पुस्तक आणण्याची मुभाही द्या. चित्रकथा वाचणं हेही वाचनच. वाचता यायला लागलं म्हणून मोठ्याने वाचून दाखवणं थांबवू नका, दहा-बारा वर्षांच्या मुलांनाही ते हवं असतं, फक्त ती मागत नाहीत. वयोगटाच्या शिक्क्यावर फार जाऊ नका. आपल्याहून दोन वर्षं मोठ्या नायकाची गोष्ट मुलांना सहसा जवळची वाटते. किशोरवयीन मुलीने मृत्यूवरचं किंवा दुःखाचं पुस्तक आणलं, तर ओढून घेण्याआधी ते स्वतः वाचा. मात्र ओळी गाळल्या जात असतील, बोलण्यात चुणचुणीत असलेलं मूल वाचताना अडखळत असेल, तर डोळे आधी तपासा आणि अध्ययन अक्षमतेच्या तज्ज्ञांना भेटा. तिथे पुस्तक बदलून भागत नाही.

दोन महिन्यांनी आईचा फोन आला. ‘‘परवा त्याने एक पुस्तक संपवलं. मी काही विचारलं नाही. अगदी जिभेवर आलं होतं हो!’’

मलाच राहवलं नाही. ‘‘कुठलं पुस्तक?’’

‘‘तेसुद्धा नाही विचारलं,’’ त्या म्हणाल्या.