विचारा की! : आगरातलं पाणी न उकळताच जातं कुठं?

ह्या महिन्याला पत्रं आणि व्हॉट्सॲप मिळून ढीगभर प्रश्न आले आणि त्यातले निम्मे अणू, मूलद्रव्य, घन-द्रव-वायू ह्याच भानगडीतले, बहुतेक घराघरात परीक्षेचा अभ्यास चाललाय. सगळे घेणं शक्य नाही. जे मलाच आवडले ते घेतलेत, बाकीच्यांनी रागावू नये, पुढच्या वेळी बघू.

सर, मुलगा सातवीत आहे, चौथीपर्यंत मराठीत शिकला आणि आता सगळं इंग्लिशमधून. मी त्याला मराठीत समजावते आणि तो मोबाईलवर हिंदी व्हिडिओ बघतो. मी म्हणते पाण्याच्या एका रेणूत तीन अणू, व्हिडिओवाला म्हणतो पाण्याच्या एका अणूत तीन परमाणू. मुलगा म्हणतो आई तुलाच येत नाही. कोण चुकतंय? (एक आई, फोंडा)

ताई, कोणीच चुकत नाही, आणि मुलाला सांगा की आईला येतं. ही नुसती शब्दांची अदलाबदल आहे. इंग्लिशमध्ये ज्याला ॲटम म्हणतात त्याला आपण मराठीत अणू म्हणतो, हिंदीवाले परमाणु म्हणतात. मॉलिक्यूल म्हणजे आपला रेणू, आणि त्यालाच हिंदीत म्हणतात अणु! म्हणजे एकच शब्द, सीमेच्या ह्या बाजूला एक अर्थ आणि त्या बाजूला दुसरा. म्हणूनच आपल्याकडे अणुबॉम्ब आणि त्यांच्याकडे परमाणु बम. एलिमेंटचंही तेच, आपलं मूलद्रव्य, त्यांचं तत्व, आणि कंपाउंड म्हणजे आपलं संयुग, ते त्यांचं यौगिक. गोव्यातल्या पोराला पाचवीपासून हे तिन्ही एकदम कानावर पडतात, डोकं फिरणारच.

एक करा. वहीच्या शेवटच्या पानावर तीन रकाने पाडून हे चारच शब्द तिन्ही भाषांत त्याच्याकडूनच लिहून घ्या. आणि मग पाण्यावर या. हायड्रोजनचे दोन अणू, ऑक्सिजनचा एक, मिळून पाण्याचा एक रेणू. हायड्रोजन स्वतः जळतो, ऑक्सिजन दुसऱ्याला जाळायला मदत करतो, आणि दोघांचं मिळून जे होतं त्यानं आग विझते. शब्द कुठलेही वापरा, गंमत ही आहे.

आमचं घर आगराजवळ, म्हणजे मिठागराजवळ. लहानपणापासून बघतोय, भरतीचं पाणी आत घेतात, ते उन्हात सुकतं आणि खाली मीठ उरतं. पण शाळेत शिकवलं पाण्याची वाफ १०० अंशाला होते. आगरातल्या पाण्यात तर आम्ही पाय घालून उभे राहतो! मग ते पाणी वाफ होतं तरी कसं? (एक वाचक, पेडणे)

काय प्रश्न विचारलात बाबा! मी तीस-पस्तीस वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न वर्गात फार थोड्यांनी विचारला, कारण पुस्तकातलं १०० आणि दारातलं आगर ह्यांची गाठच कोणी घालून देत नाही.

तर असं आहे, १०० अंशाला पाणी उकळतं, पण वाफ व्हायला उकळावंच लागतं असं कुठाय? पाण्यातले रेणू सगळे सारख्या वेगानं हलत नाहीत. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली गर्दी डोळ्यापुढं आणा, कोणी रमतगमत, कोणी धक्के मारत चाललेला. तसेच पाण्यातले काही रेणू निवांत असतात आणि काही जाम घाईत. त्यातला घाईतला एखादा जर अगदी वरच्या थरात असला तर तो शेजाऱ्यांची ओढ तोडून हवेत सटकतो. झालं, तेवढं पाणी वाफ झालं. हे ३० अंशालाही चालतं, २० लाही चालतं, फक्त वरच्या पृष्ठभागावर चालतं आणि सावकाश चालतं. उकळणं म्हणजे काय, तर पाण्याच्या पोटातच, अगदी तळाशीसुद्धा, वाफेचे बुडबुडे धरायला लागतात, आणि त्याला मात्र १०० अंश लागतात. बाष्पीभवन वेगळं, उकळणं वेगळं.

आता आगर बघा कसं केलेलं असतं. पाणी वीत-दीड वीत, त्याहून उथळच, आणि पसरट किती! म्हणजे सटकायला पृष्ठभाग भरपूर. वरून फेब्रुवारी ते मे ऊन, आणि वारा. वाऱ्याचं काम लोक विसरतात. सटकलेले रेणू तिथेच घुटमळत राहिले तर त्यातले बरेच परत पाण्यात पडतात, वारा त्यांना हाकलून लावतो म्हणून नव्यांना जागा होते. पावसाळ्यात आपले कपडे चार-चार दिवस दोरीवर कुबट वास मारत लटकतात ते ह्यामुळंच, हवाच आधी पाण्यानं भरलेली, जाणार कुठं.

आणि घाईतले निघून गेले की मागं उरतात ते निवांत, म्हणजे उरलेलं पाणी थोडं गार होतं. मातीच्या मडकीतलं पाणी गार लागतं ते त्याच हिशोबानं.

आता मिठाकडे. समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, त्यातलं बरंचसं आपलं खायचं मीठ. ते तसं सहजी खाली बसत नाही. दहा बादल्या पाणी घेतलंत तर त्यातलं जवळजवळ नऊ बादल्या उडून जावं लागतं, तेव्हा कुठं मीठ दाणे धरायला लागतं. म्हणून तर एका खाचरातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात असं पाणी फिरवत घट्ट करत नेतात. सगळ्यात शेवटी जे पाणी उरतं ते कडू, त्यात मॅग्नेशियमचे क्षार.

पाणी उडतं मग मीठ का नाही उडत, हेही तुम्ही विचारणार. पाण्याचे रेणू एकमेकांना तसे सैलच धरून असतात. मिठात मात्र सोडियम आणि क्लोरिन एकाआड एक असे गच्च बसलेले, बुद्धिबळाच्या पटावरची काळी-पांढरी घरं जशी, फक्त तिन्ही दिशांना. ते नुसतं वितळवायलाच ८०१ अंश लागतात, उन्हाची काय कथा. घरी जाडं मीठ असेल तर एक खडा तळहातावर घेऊन भिंगातून बघा, कडा काटकोनात दिसतील. आतली मांडणी चौकोनी, म्हणून बाहेरून खडाही चौकोनी.

सोडियमवरून आठवलं. सोडियम हा धातू, सुरीनं लोण्यासारखा कापता येतो आणि रॉकेलात बुडवून ठेवावा लागतो. एकदा वर्गात मुगाएवढा तुकडा पाण्यात टाकून दाखवायचा तर मी शायनिंग मारायला वाटाण्याएवढा टाकला, तो असा काही फुटला की पहिला बाक रिकामा झाला आणि शिपाईमामा बादली घेऊन धावत आले. आणि क्लोरिन म्हणजे विषारी वायू, पहिल्या महायुद्धात १९१५ साली माणसं मारायला वापरलेला. ही दोन मूलद्रव्यं एकत्र आली की आपण ते कैरीला लावून खातो. संयुग म्हणजे काय ते ह्याहून चांगलं मला सांगता येत नाही.

काजूचा रस भाटीवर चढवला की दारूच का वर येते, पाणी का नाही येत? (सत्तरीहून, नाव नको म्हणतात)

पाणीही येतंच हो, नाही कोण म्हणालं! दारूतलं अल्कोहोल, म्हणजे इथेनॉल, ७८ अंशाला उकळतं आणि पाणी १०० ला. भाणात (भाटीवरच्या रस तापवायच्या भांड्यात) दोन्ही एकत्र तापतात तेव्हा वर येणाऱ्या वाफेत दोन्ही असतात, पण अल्कोहोलचा वाटा रसातल्यापेक्षा जास्त. ती वाफ नळीतून लावणीत जाते (आपली मडक्याची लावणी, नाचायची नव्हे), बाहेरून गार पाणी ओतलं की परत द्रव. पहिल्या खेपेला मिळतो तो हुर्राक, अल्कोहोल साधारण १५ टक्क्यांच्या आसपास. तोच पुन्हा आंबलेल्या रसाबरोबर भाटीवर घातला की फेणी, ४० च्या वर. आणि शंभर वेळा गाळलीत तरी नुसत्या भाटीनं ९६ टक्क्यांच्या पुढं जात नाही, शेवटचं थोडं पाणी अल्कोहोलला सोडतच नाही.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. रस आंबतो तेव्हा साखरेचे रेणू मोडून त्याच अणूंचे अल्कोहोलचे आणि कार्बन डायऑक्साइडचे रेणू होतात, तो रासायनिक बदल. भाटीत काही मोडत नाही आणि नवीन काही होत नाही, तिथं नुसतं पाखडणं चालतं, सुपातल्या तांदळासारखं.

भाऊ पुण्याला असतो. त्याच्या खोबरेलाची बाटली थंडीत दगडासारखी होते, आमची मडगावात होतच नाही. तो म्हणतो तुमच्या तेलात भेसळ आहे. (एक गृहिणी)

भावाला म्हणावं एक जानेवारी इथं येऊन काढ. खोबरेल २४-२५ अंशाच्या आसपास गोठतं, पुण्यात थंडीतली सकाळ त्याच्या कितीतरी खाली जाते आणि मडगावात दुपारी परत ३० च्या वर. पहाटे बाटली बघा, तळाशी पांढुरकं काहीतरी धरलेलं कधीतरी दिसेल. आणि नक्की करायचंच तर थोडं तेल वाटीत काढून फ्रीजमध्ये ठेवा, चांगलं गोठायला पाहिजे. भेसळ नाहीच ह्याची ही खात्री नव्हे, पण गोव्यात गोठत नाही एवढ्यावरून दुकानदाराशी भांडू नका.

म्हणजे घन की द्रव हे त्या पदार्थाच्या कपाळावर लिहिलेलं नसतं, तुम्ही कुठं राहता त्यावर आहे. गॅलियम नावाचा एक धातू आहे, ३० अंशाच्या किंचित आधीच वितळतो. लंडनमध्ये तो घन म्हणून टेबलावर बसेल, आपल्याकडे मे महिन्यात कपाटात ठेवलात तर दार उघडेपर्यंत ओघळलेला. हा गॅलियम सापडला १८७५ साली, पण रशियन शास्त्रज्ञ मेंडेलीवनं १८७१ लाच आपल्या मूलद्रव्यांच्या कोष्टकात त्याची जागा रिकामी ठेवून त्याचे गुण सांगून ठेवले होते, तो सहज वितळेल हेसुद्धा.

आग घन, द्रव की वायू? (इयत्ता सहावी, वास्को)

तापलेला वायू, आणि त्यात काजळीचे बारीक कण चमकत असतात म्हणून पिवळा उजेड. आजीला सांगून समईच्या ज्योतीवर स्टीलचा चमचा क्षणभर धरायला लाव, काळं लागेल तेच ते कण. स्वतः धरू नकोस.

आमच्या डिचोलीच्या खाणीत जे निघायचं ते लोखंड मूलद्रव्य की संयुग?

लोखंड मूलद्रव्य, पण खाणीत निघतं ते लोखंड नव्हे, ते खनिज. मुख्यतः हेमेटाइट, लोखंड आणि ऑक्सिजनचं संयुग, आणि आपल्या मातीचा आणि चिऱ्याचा लाल रंगही लोखंड-ऑक्सिजनच्या असल्याच संयुगांचा. अगदी शुद्ध हेमेटाइट घेतला तरी १०० किलोत लोखंड ७० किलो, बाकी ३० किलो ऑक्सिजन. मुरगाव बंदरातून बोटी भरभरून जपानला जायच्या ना, तेव्हा लोखंडाबरोबर एवढा ऑक्सिजनही आपण पाठवत होतो. तिकडे भट्टीत कोळसा घालून तो काढून टाकतात, आणि मग ते लोखंड पावसात ठेवलं की गंजून परत तांबडं व्हायला बघतं.

सिंधुदुर्गात विजयदुर्गला गेलो होतो. तिथं 'साहेबाचे कट्टे' दाखवून सांगितलं की हेलियमचा शोध इथं लागला. खरं का? (म्हापसा)

ऐकायला फार आवडलं असतं, आपल्या शेजारचीच गोष्ट. १८ ऑगस्ट १८६८ ला खग्रास सूर्यग्रहण झालं, त्याचा पट्टा आपल्या देशावरून गेला, हे खरं. पण ज्या जान्सेन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाचं नाव घेतात तो तेव्हा आंध्रात गुंटूरला होता. आणि विजयदुर्गच्या ह्या कट्ट्यांवरून ज्यानं ग्रहण पाहिलं असं सांगतात तो इंग्रज शास्त्रज्ञ लॉकियर त्या वेळी इंग्लंडमध्येच होता, त्यानं ऑक्टोबरमध्ये तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेचा प्रकाश तपासला. त्यात एक पिवळी रेषा होती, सोडियमच्या रेषांना अगदी लागून, पण सोडियमची नव्हे. पृथ्वीवरच्या कुठल्याच ओळखीच्या मूलद्रव्याशी ती जुळेना, म्हणून सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हटलं. तो प्रत्यक्ष हातात आला १८९५ साली, रॅमसे नावाच्या शास्त्रज्ञानं युरेनियमच्या एका खनिजातून काढला तेव्हा. म्हणजे सत्तावीस वर्षं हे मूलद्रव्य फक्त सूर्यावर होतं म्हणायचं, आणि आता कार्निव्हलच्या फुग्यात भरतात. कट्टे बघायला मात्र जरूर जा, किल्ला उत्तम आहे.

ती पिवळी रेषा कशी ते बघायचंय? गॅसवर डाळ उतू गेली की निळी ज्योत एकदम पिवळी होते ना, ते डाळीतल्या मिठातलं सोडियम. हेलियमचा पिवळा त्याच्या शेजारचाच, नुसत्या डोळ्याला तुम्हाला-मला फरक कळायचा नाही.