नव्या पिकअपचा दुसरा गिअर खरखर करतोय, गिअरबॉक्स खोलायला देऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नवी पिकअप घेऊन दीड महिना झालाय, गाडी चौदाशे किलोमीटर चाललीय. सकाळी दुसरा गिअर जड जातो, कधीकधी खरखर करतो. रिव्हर्स टाकताना हमखास आवाज येतो आणि थांबून निघताना मागून 'टक्' असा धक्का बसतो. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, "नवीन गाडी आहे, चालवा, बसेल." बाहेरचा मेकॅनिक म्हणतो, "गिअरबॉक्स खोलून बघू." आता कुणाचं ऐकायचं?

माझं मत विचाराल तर दोघांचंही ऐकू नका. गिअरबॉक्स इतक्यात खोलू देऊ नका, आणि 'बसेल' या शब्दावर गाडी चालवतही राहू नका. माझ्या पिकअपला नेमकी हीच तक्रार होती. मी 'बसेल' म्हणून तीन महिने काढले आणि तेवढ्यात चांगला गिअरबॉक्स खराब झाला. मूळ दोष गिअरबॉक्समध्ये नव्हताच.

आधी एक फरक लक्षात घ्या. गिअर जड जाणं वेगळं आणि खरखर करणं वेगळं. थंड गाडीत गिअर ऑईल घट्ट असतं, त्यामुळे पहिली काही मिनिटं दुसरा गिअर थोडा ओढल्यासारखा पडतो. दोन-चार किलोमीटर चालल्यावर तो मऊ होत असेल तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण खरखर म्हणजे दातावर दात घासण्याचा आवाज. तो सकाळी येवो नाहीतर दुपारी, नव्या गाडीत तो चालवून घ्यायचा नाही.

असं का म्हणतो, त्यासाठी आत काय होतं ते सांगतो. समजा, पहिल्या गिअरचं गुणोत्तर ४ आहे, म्हणजे मागे जाणारा शाफ्ट एकदा फिरायला इंजिन चारदा फिरतं, आणि दुसऱ्याचं २.३. तुम्ही ३००० आरपीएमला क्लच दाबून दुसरा टाकायला गेलात. गाडीचा वेग तोच असतो, पण दुसरा बसायचा तर गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट (इंजिनकडून फिरणं आत आणणारा दांडा) आणि त्यावरची क्लच प्लेट यांना क्षणभरात साधारण १७०० वर यावं लागतं. त्यांना ब्रेक लावायचं काम सिंक्रो रिंग करते. बहुतेक गाड्यांत ती पितळेची असते, आतून शंकूसारखी निमुळती, आणि त्या आतल्या अंगाला बारीक आटे असतात. ती गिअरच्या शंकूवर घासते, दोघांचा वेग जुळवते आणि मगच स्लीव्हचे, म्हणजे गिअर शाफ्टला जोडणाऱ्या सरकत्या कड्याचे, दात पुढे सरकू देते. वरच्या गिअरांमधलं अंतर कमी असतं. पहिल्या-दुसऱ्यातलं जास्त, म्हणून दुसऱ्याच्या रिंगला सगळ्यात जास्त राबावं लागतं आणि तक्रारही तिथूनच सुरू होते.

आता क्लच पूर्ण सुटतच नसेल, म्हणजे पेडल दाबूनही इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नसेल, तर काय होईल? तेवढीशी रिंग एका बाजूला आणि चालू इंजिन दुसऱ्या बाजूला. रिंग हरणारच. आवाज गिअरबॉक्समधून येतो, म्हणून सगळे गिअरबॉक्सकडे बोट दाखवतात. म्हणून पहिली तपासणी क्लचची, आणि ती घरी पाच मिनिटांत होते.

गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाका. मग इंजिन चालू करून तेच करा. बंद असताना सगळे मऊ पडतात आणि चालू असताना अडतात, तर संशय क्लचवर. बंद असतानाही दुसरा अडतोय, तर दोष लिव्हर, केबल, लिंकेज किंवा खरोखर बॉक्सच्या आत. पुढची चाचणी रिव्हर्सची. क्लच तळापर्यंत दाबा, मनात चार-पाच आकडे मोजा आणि मग रिव्हर्स टाका. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो नसतो आणि क्लच दाबल्यावरही शाफ्ट दोन-तीन सेकंद फिरत राहतो. म्हणून घाईने टाकलेला रिव्हर्स चांगल्या गाडीतही आवाज करतो. थांबून टाकल्यावर आवाज गेला तर ती सवयीची गोष्ट आहे. आधी एखादा पुढचा गिअर टाकून मग रिव्हर्स टाका, काम होईल. पण पाच आकडे मोजूनही खरखर येत असेल तर क्लच नक्की सुटत नाहीये.

मग पेडल भराभर दोन-तीनदा मारून लगेच गिअर टाकून बघा. तेवढ्याने गिअर मऊ पडला, तर क्लचच्या हायड्रॉलिक लाइनमध्ये (पेडलचा दाब फ्लुइडने क्लचपर्यंत नेणारी नळी) हवा आहे किंवा तिच्या पेडलकडच्या टोकाचा मास्टर नाहीतर क्लचकडच्या टोकाचा स्लेव्ह सिलिंडर गळतोय. हवा काढली की प्रश्न मिटतो. नव्या गाडीतही हे होतं, कारण कारखान्यात लाइन भरताना हवा राहू शकते. या लाइनच्या छोट्या टाकीत फ्लुइड घालायची वेळ आली तर झाकणावर जो ब्रेक फ्लुइड लिहिलाय तोच घाला. दुसरं कुठलं ऑईल घातलं तर रबरी सील फुगतात आणि नवाच खर्च उभा राहतो.

माझ्या गाडीत हवाही नव्हती आणि गळतीही नव्हती. ओळखीचे एक जुने मिस्त्री आले. त्यांनी इंजिन चालूसुद्धा केलं नाही. दार उघडून खाली वाकले, क्लचचं पेडल हाताने दाबलं आणि दुसरा हात पेडलखाली घातला. मग मला म्हणाले, "इथे बोट घालून बघा." पेडल तळाला टेकलेलं दिसत होतं, पण टेकलं होतं ते जाड रबरी मॅटवर. गाडी देताना आधीच्या मॅटवर दुसरी मॅट टाकून दिली होती आणि दोन्ही मिळून दोन बोटांची जाडी झाली होती. वरच्या मॅटवर पेडलच्या कडेचा अर्धचंद्रासारखा खड्डा पडला होता, घासून गुळगुळीत झालेला. मॅट ओढून काढली, इंजिन चालू केलं आणि रिव्हर्स आवाज न करता पडला. तीन महिने मी त्या खड्ड्यावर पाय दाबत होतो. तोवर दुसऱ्याची रिंग मात्र गेली होती. बॉक्स उतरवल्यावर ती हातात घेऊन पाहिली. आतले आटे जाऊन तो भाग काचेसारखा चकचकीत झाला होता.

म्हणून आज उत्तर वाचून झालं की आधी पेडलखालची मॅट काढा आणि मगच वरच्या चाचण्या करा.

क्लच ठीक निघाला तर पुढचा प्रश्न ऑईलचा. गिअरबॉक्सचं ऑईल आणि मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या ॲक्सलवरचा, चाकांना जोर वाटून देणारा गिअरचा गोळा) ऑईल एकच असेल असं धरून चालू नका. मॅन्युअलमध्ये ७५डब्ल्यू-९० असं काही लिहिलेलं असतं, तो ऑईलचा घट्टपणा, आणि पुढे जीएल-४ किंवा जीएल-५ असतं. हा शेवटचा आकडा नुसता दर्जाचा नाही. जीएल-५ मध्ये दातांवरचा प्रचंड दाब सोसण्यासाठी गंधक-फॉस्फरसची रसायनं जास्त असतात. डिफरन्शियलला ती हवीच असतात. पण सिंक्रो रिंगचं काम घर्षणावर चालतं, आणि जीएल-४ मागणाऱ्या बॉक्समध्ये जीएल-५ घातलं की रिंग निसटते आणि गिअर अडतात. 'वरचा नंबर म्हणजे चांगलं ऑईल' असं समजून ते घालणारे लोक मी पाहिलेत. पातळी तपासायची तर गाडी सपाट जागी हवी आणि बहुतेक बॉक्समध्ये ऑईल भरायच्या बोल्टच्या भोकाच्या कडेपर्यंत असावं लागतं. ऑईल बदलताना आधी वरचा भरायचा बोल्ट सुटतोय याची खात्री करा, मगच खालचा सोडा. वरचा गंजून अडकला आणि खालून ऑईल वाहून गेलं तर गाडी जागची हलवता येत नाही. खालच्या बोल्टला चुंबक असेल तर त्यावर राखाडी लेप दिसेल. नव्या गाडीत तो असतोच. हाताला टोचणारे तुकडे लागले तर मात्र फोटो काढा आणि बोल्ट पुसू नका.

आता तो 'टक्' आवाज. याचा तुमच्या दुसऱ्या गिअरशी बहुधा काही संबंध नाही, दोन्ही तक्रारी एकत्र सांगू नका. पिकअप लांब असते, म्हणून गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा प्रॉपेलर शाफ्ट बऱ्याचदा दोन तुकड्यांचा असतो आणि मध्ये रबरात बसवलेलं सेंटर बेअरिंग असतं. निघताना जोडांमधला थोडा प्ले, म्हणजे ढिलेपणा, भरून निघतो, तेव्हा आवाज येतो. मागे पाटे असतील तर ॲक्सल त्यांच्यावर किंचित पिळला जातो, त्याचाही धक्का बसतो. गाडी रिकामी आणि भरलेली असताना शाफ्टचा कोन बदलतो, म्हणून आवाज कधी येतो ते दोन्ही वेळा बघा. शाफ्टच्या क्रॉसला (कोनात फिरू देणारा जोड) आणि सरकत्या जोडाला ग्रीसचे निप्पल असतील तर तिथे ग्रीस मारून घ्या. मोठा खर्च सांगितला जाण्याआधी हे करून बघायला काय हरकत आहे? गिअरबॉक्सचं माउंटिंग सैल असलं तरीही असाच आवाज येतो.

गाडी फोर-व्हील ड्राइव्ह असेल तर आणखी एक गोष्ट बघा: लिव्हर चुकून फोर-व्हीलवर राहिलेला नाही ना? ज्या गाड्यांत गरजेपुरतं फोर-व्हील लावायचं असतं त्यांत मधलं डिफरन्शियल नसतं. वळताना पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात. कोरड्या पक्क्या रस्त्यावर चाकांना घसरून सुटायला जागा मिळत नाही, सगळा ताण शाफ्टमध्ये साठतो. गाडी वळताना अडखळते, धक्के देते आणि लिव्हर परत यायला तयार नसतो. थोडं सरळ मागे घेतलं की ताण सुटतो.

आवाजावरूनही बरंच कळतं. न्यूट्रलमध्ये उभ्या गाडीत घरघर येते आणि क्लच दाबल्यावर थांबते, तर इनपुट शाफ्टचं बेअरिंग. उलट क्लच दाबल्यावरच आवाज सुरू होतो, तर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. मागच्या चाकांवर चालणाऱ्या पाच गिअरच्या बहुतेक बॉक्समध्ये चौथा गिअर थेट असतो, म्हणजे इंजिनचा जोर सरळ मागे जातो आणि बॉक्समधल्या खालच्या जोडशाफ्टवर जोर येत नाही. म्हणून बाकी सगळ्या गिअरांत येणारा आवाज चौथ्यात गेला, तर खालच्या शाफ्टकडे बघायचं. सगळ्या गिअरांत सारखाच येत असेल आणि ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की बदलत असेल, तर मागचं डिफरन्शियल.

ऑटोमॅटिक पिकअपवाले हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडंसं. नव्या ऑटोमॅटिकचा कॉम्प्युटर चालवण्याच्या पद्धतीशी जुळवून घेतो, त्यामुळे सुरुवातीचे बारीक धक्के कमी होऊ शकतात. पण एका गिअरमध्ये अडकून राहणं, ड्राइव्ह टाकल्यावर उशिरा पकडणं, एकसारख्या वेगात रबरी पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर, यातलं काहीही दिसलं तर लगेच स्कॅन करून घ्या. पी०७०० हा कोड आला तर त्याचा अर्थ एवढाच की खरा कोड ट्रान्समिशनच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. तो वाचणारा स्कॅनर लागतो. कमजोर बॅटरीनेही गिअर वेडेवाकडे पडतात, आधी तिचा व्होल्टेज बघा.

आता सर्व्हिस सेंटरशी कसं बोलायचं ते. 'गिअरबॉक्स खराब आहे' असं म्हणू नका. 'सकाळी पहिल्या दोन किलोमीटरमध्ये, पहिल्यातून दुसऱ्यात, २५००च्या वर आरपीएम असताना, रिकाम्या गाडीत खरखर येते' असं सांगा. आठवडाभर लिहून ठेवलंत तर तुम्हाला नेमकं सांगता येईल. गाडी आदल्या रात्री तिथे सोडा, म्हणजे सकाळी ती खरोखर थंड असेल. तुम्ही चालवत नेलीत तर पोचेपर्यंत ऑईल गरम होतं आणि तक्रार दिसतच नाही. मग सल्लागाराला शेजारी बसवून तुम्ही स्वतः चालवून दाखवा. आणि जॉबकार्डवर तक्रार तुमच्या शब्दांत, तारीख आणि किलोमीटरसह लिहून घ्या. 'दोष आढळला नाही' असं म्हणाले तर तेही लिहून द्यायला सांगा. माझ्या पहिल्या दोन भेटींचा कागदच नव्हता, सगळं तोंडी. रिंग गेल्यावर मला ऐकावं लागलं की तुम्ही तर आजच पहिल्यांदा आलात. वॉरंटीत क्लच प्लेट बऱ्याचदा झिजणारा भाग म्हणून वगळलेली असते, गिअरबॉक्स वगळलेला नसतो. बाहेरच्या मेकॅनिकने बॉक्स खोलला तर तोही हक्क हातचा जाऊ शकतो. म्हणूनच सुरुवातीला म्हटलं की खोलू नका.

तोपर्यंत खरखर आली की जोर लावू नका. लिव्हर न्यूट्रलला आणा, क्षणभर थांबा, पुन्हा टाका. थांबलेल्या गाडीत क्लचवर पाय ठेवून उभे राहू नका आणि चढावर हाफ क्लचने गाडी धरून ठेवू नका.

मॅट काढून इंजिन बंद आणि चालू असताना दुसरा गिअर कसा पडतो, ते इथेच खाली लिहा. त्यावरून पुढचं सांगता येईल.