धडा पाठ आहे, मग मार्क कुठे जातात?

"मॅडम, पोरीला अख्खा धडा तोंडपाठ आहे हो, तरी मराठीत मार्क जातात." दहावीच्या वर्षात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकते की आता मोजायचं सोडलंय. या वेळी एक आई आली होती, पोरगी शेजारी खाली मान घालून बसलेली.

मी आधी तिला एक उतारा मोठ्याने वाचायला लावला. हे मी प्रत्येकाला करायला लावते, कारण कधीकधी प्रॉब्लेम अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचता-लिहिताना खरोखरच येणाऱ्या अडचणीचा असतो आणि घरी सगळे 'आळशी आहे' म्हणून ओरडत असतात. तपासणी होऊन सर्टिफिकेट मिळालं तर बोर्डाकडून जादा वेळ वगैरे सवलती मिळतात, तेही बऱ्याच पालकांना माहीत नसतं. पण ही घडाघडा वाचत होती. तिची चाचणीची उत्तरपत्रिका बघितली तर चौकटी, आकृतिबंध, एका वाक्यातली उत्तरं सगळं बरोबर. मार्क गेले होते स्वमतात, म्हणजे उताऱ्यावर स्वतःचं मत लिहायचं असतं तिथे, आणि कवितेच्या रसग्रहणात. म्हणजे बघा, गद्याच्या एका उताऱ्याला ७ मार्क, त्यातले ४ आकलनाचे आणि ३ स्वमताचे, असे दोन उतारे म्हणजे स्वमताचे ६, वर रसग्रहणाचे ४, झाले ना दहा? आणि स्वमतात हिने काय लिहिलेलं, तर उताऱ्यातलीच चार वाक्यं मागेपुढे करून, शेवटी 'असे मला वाटते'.

मी आधी एक चूक केली, सरळ टाइमटेबल करून दिलं की रोज एक स्वमत लिही. पंधरा दिवसांनी ती पंधरा उत्तरं घेऊन आली, सगळी गाइडमधली.

मग मी पाठ्यपुस्तक बाजूला ठेवलं आणि कागदावर माझ्याच मनाने चार ओळी लिहिल्या. आजी एसटीतून उतरली, हातातल्या पिशवीत फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या होत्या. नातू म्हणाला, आम्ही हॉटेलात जेवूनच आलो. आजी बरं म्हणाली. आणि तिने पिशवी पाठीमागे सरकवली.

"आजीला काय वाटलं असेल?"

तिने दोनदा वाचलं. म्हणाली, "उताऱ्यात दिलेलं नाहीये."

इथे मला कळलं की ही स्वमताचं उत्तरसुद्धा शोधतेय, चौकटीतल्या शब्दासारखं. आकलनाचं उत्तर उताऱ्यात असतं, बोट ठेवून दाखवता येतं, तिथे उताऱ्यातले शब्द जसेच्या तसे घेतले तरी चालतं. स्वमताचं तिथे नसतंच, फक्त त्याचा धागा तिथे असतो. हा फरक तिला कुणी सांगितलाच नव्हता, सगळ्यांनी 'मनाचं लिही' एवढंच सांगितलेलं.

"बरं, पिशवी मागे का सरकवली?"

बराच वेळ गप्प. मग हळूच, "मी पण एकदा डबा झाकला होता. सगळ्यांनी नूडल्स आणलेल्या, माझ्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा."

"लिही हेच. आधी आजीने काय केलं ते, मग त्यावरून तुला काय कळलं, मग तुझा डबा."

सहा ओळी झाल्या, शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, पण त्या ओळी तिच्या होत्या. आईने कागद घेतला आणि पहिलं वाक्य काय, तर "अगं, डब्याचं कशाला लिहिलंस, पेपर तपासणाऱ्यांना काय वाटेल?" तेव्हा लक्षात आलं की घरी हिची प्रत्येक ओळ आई खोडते आणि गाइडमधलं उतरवायला लावते. वाईट हेतूने नाही हो, मार्क जातील या भीतीनेच.

मग मी ताईंनाच पेन दिलं, म्हटलं तुम्ही लिहा. त्या दहा मिनिटं बसल्या आणि लिहिलं की आजीला राग आला असेल, कारण एवढ्या पहाटे उठून भाकऱ्या थापायच्या आणि कुणाला कदर नाही. पोरगी हसत सुटली, "आई, हे तर तुझंच झालं!" ताईही हसल्या, जरा ओशाळल्या.

मी म्हटलं दोघींचं बरोबर आहे, कारण दोघींनी पिशवीचं बोट सोडलं नाही. पिशवी सोडून 'आजी म्हणजे मायेची सावली' सुरू केलंत की मार्क जाणार.

पूर्वपरीक्षेनंतर ताईंचा व्हॉट्सॲपवर फोटो आला, स्वमतात ३ पैकी २. खाली मेसेज, "मॅडम, एक कुठे गेला?"

मी लिहिलं, तिलाच विचारा.