वाचकांचे प्रश्न : खार्तूममधली नोकरी आणि शेजारचे सुदानी

(परराष्ट्र सेवेतून निवृत्त होऊन एरंडवण्यात राहणाऱ्या आमच्या स्तंभलेखिकेकडे या वेळी सुदानविषयीचे प्रश्न जास्त आले. त्यातले तीन.)

प्रश्न : एनडीएच्या (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या) मुख्य इमारतीला ‘सुदान ब्लॉक’ का म्हणतात? तुम्ही सुदानच्या राजधानीत, खार्तूमला होतात. तिथल्या लोकांना हे ठाऊक असतं का? (निवृत्त शिक्षक, वारजे)

उत्तर : दुसऱ्या महायुद्धात पूर्व आफ्रिकेच्या आघाडीवर भारतीय तुकड्या इटलीच्या फौजांशी लढल्या. सुदानसाठी प्राण दिलेल्या त्या सैनिकांच्या स्मारकासाठी सुदानच्या तेव्हाच्या सरकारने एक लाख पौंड दिले. फाळणी झाल्यावर त्यातले ७० हजार आपल्या वाट्याला आले, ते खडकवासल्याच्या या इमारतीला लागले. ३० मे १९५९ रोजी सुदानच्या राजदूतांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. सुदानला स्वातंत्र्य मिळून तेव्हा जेमतेम साडेतीन वर्षं झाली होती.

तिथल्या वयस्कर माणसांच्या बोलण्यात मात्र मला सुकुमार सेन यांचं नाव जास्त आलं. आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक पार पाडणारे सेन १९५३ मध्ये सुदानच्या पहिल्या निवडणुकीचे आयोगप्रमुख होते. आणि सरकारी कचेरीत गेलं की टेबलापलीकडचा, तरुणपणी पुण्यात शिकून गेलेला पन्नाशीचा अधिकारी हमखास विचारायचा, “पूना?” मग कॅम्पातली भाड्याची खोली, एफसी रोडचा इराणी, विद्यापीठाच्या फाटकापाशी पावसात उभं राहणं, सगळं निघायचं. दोन देशांची मैत्री म्हणून आपण भाषणांत जे सांगतो ते माझ्यासाठी या माणसांच्या रूपात समोर बसलेलं असायचं. पुण्याने त्यांना नीट वागवलेलं असेल तर माझं काम सोपं व्हायचं, नसेल तर तेही लगेच कळायचं.

प्रश्न : मी यूपीएससीची तयारी करते. पहिली पसंती आयएफएस, म्हणजे परराष्ट्र सेवा, लिहायची आहे. पण घरचे म्हणतात, दूतावासात नुसते समारंभ आणि मेजवान्या. खरं काय? (सदाशिव पेठ)

उत्तर : पसंती बिनधास्त लिही. मेजवान्या असतात, त्यांतही कामं होतात, पण नोकरी कळते ती दोन ठिकाणी. एक, परदेशातल्या आपल्या लोकांचे पासपोर्ट आणि अडचणी बघणाऱ्या वाणिज्य दूत विभागाची खिडकी आणि दुसरं, लोकांच्या दुःखाचं घर.

सुदानमध्ये कुणी वारलं की घरासमोर रस्त्यातच मांडव पडतो. याला ‘बिका’ म्हणतात. ओळखीचा, शेजारचा, कचेरीतला, जो तो जातो. आल्यावर दोन्ही तळवे वर करून फातिहा, म्हणजे कुराणातली प्रार्थना, म्हणायची आणि बसायचं. बायका आत, दोरीने विणलेल्या अंगरेबवर. आपल्या बाजेसारखीच असते ती. मी आत बसायचे. माझी अरबी कामापुरती होती, आणि तिथे तेवढीही लागायची नाही. चहा यायचा, भरपूर साखरेचा. कुणी आपली चौकशी करत नाही, आपण आलो याची नोंद मात्र सगळे घेतात. आमच्या काही सहकाऱ्यांना हा वेळेचा अपव्यय वाटे. मला तो तिथल्या कामाचा गाभा वाटला आणि आजही वाटतो.

सांगलीकडचा एक वेल्डर तिथे हृदयविकाराने गेला. अशा वेळी मृत्यूचा दाखला, पोलिसांचा ना-हरकत, देह टिकवण्याची प्रक्रिया केल्याचं प्रमाणपत्र, पासपोर्ट रद्द करणं आणि घरच्यांचं संमतीपत्र एवढं जमल्याशिवाय शवपेटी विमानात चढत नाही. नेमका शुक्रवार आला, म्हणजे तिथली सुट्टी. ज्या अधिकाऱ्याच्या आईच्या बिकाला मी गेले होते, तो घरून निघून शिक्का मारायला आला. वेल्डरच्या भावाशी मी फोनवर मराठीत बोलले. विम्याचं, पैशांचं काही नाही, त्याने एवढंच विचारलं, “तिकडं त्याच्याजवळ कोण हाय?” त्याच्या खोलीतला केरळचा मुलगा शवागाराबाहेर बसून होता. तसं मी सांगितलं.

हेही वाचून ठेव : वाणिज्य दूत संबंधांवरचा व्हिएन्ना करार, १९६३, कलम ३६. अटक झालेल्या परदेशी माणसाला ‘तुझ्या दूतावासाला कळवू का’ हे विनाविलंब सांगावं लागतं. परीक्षेत एका ओळीचं उत्तर आहे, पण तुरुंगातल्या माणसासाठी दार उघडण्याचा तो एकच मार्ग असतो. निवड झाल्यावर एक परकी भाषा सक्तीने शिकावी लागते. अरबी मिळाली तर नाक मुरडू नकोस.

प्रश्न : आमच्या सोसायटीत तीन सुदानी विद्यार्थी भाड्याने राहतात. भाडं थकलंय, काही सभासद ‘खाली करायला सांगा’ म्हणतात. तिकडे युद्ध आहे हे कळतं, पण वागायचं कसं? (सोसायटीचे सचिव, कोंढवा)

उत्तर : तुम्ही विचारलंत याचंच मला बरं वाटलं. १५ एप्रिल २०२३ ला खार्तूममध्ये लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात गोळीबार सुरू झाला. आपल्या लोकांना ‘ऑपरेशन कावेरी’तून पोर्ट सुदानमार्गे जेद्दाला आणि तिथून घरी आणलं गेलं. सुदानी माणसाला असं नेणारं कुणी नव्हतं. एक कोटीहून जास्त लोकांना घर सोडावं लागलं, बँका कोलमडल्या. या मुलांना घरून पैसे येत नाहीत ते बहुधा यामुळे.

म्हणून आधी मालकाशी बोला आणि हप्ते बांधून घ्या. परदेशी भाडेकरूची ऑनलाइन नोंद मालकाने केली आहे का तेही बघा. ती नसेल तर व्हिसाच्या वेळी त्रास मुलांना होतो. कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कक्षाला फी लांबवण्यासाठी सोसायटीचं पत्र द्या, पत्राला वजन असतं.

मुलांना भेटाल तेव्हा ‘तुम्ही कुठल्या बाजूचे’ हे विचारू नका. घरचे सध्या कुठे आहेत, फोन लागतो का, एवढं विचारा आणि ऐका. आणि एखाद्या दिवशी त्यांच्या खोलीबाहेर चपलांचा ढीग दिसला, शहरभरातले सुदानी येऊन बसलेले दिसले, तर पार्टी समजून वॉचमनला पाठवू नका. त्यांच्या घरचं कुणीतरी वारलेलं असेल. क्लब हाउसची किल्ली आणि शंभरेक खुर्च्या त्यांना द्या, आणि समितीतले दोघेतिघे तरी जाऊन बसा.