आधी पाठ बघ

तुझं पत्र मिळालं, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातल्या तानाग्राच्या बायकांचे, म्हणजे प्राचीन ग्रीसमधल्या तानाग्रा गावच्या त्या भाजलेल्या मातीच्या छोट्या बाहुल्यांचे, फोटो पण बघितले. सगळे समोरून काढलेत. चेहरे सुंदरच आहेत, पण "साच्यातून काढलेलं, मग कारागिराचं त्यात काय?" असं जे लिहिलंयस ना, ते मला अजिबात पटलेलं नाही, म्हणून लगेच लिहायला बसलोय.

साचा होताच. पुढचा बारकाव्याचा, पाठीचा बऱ्याचदा अगदी साधा. ओली माती आत बोटांनी दाबत जायची, म्हणून फुटलेल्या बाहुलीत टॉर्च मारलास तर त्या माणसाच्या बोटांचे ठसे अजून दिसतात, दोन हजार वर्षांहून जुने! माती सुकून आकसली की साच्यातून सुटते, मग डोकं वेगळं, हात वेगळे, पंखा वेगळा, सगळं पातळ कालवलेल्या मातीने जोडायचं आणि खरी गंमत इथेच आहे, कारण धड तेच पण मान जरा कलती बसवली की बाई विचारात पडलेली वाटते, सरळ बसवली की कुणाची तरी वाट बघतेय. केसांच्या बटा कोरणीने पुन्हा उठवायच्या, पाठीला वाफ जायला भोक ठेवायचं, अंगावर पातळ पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, भट्टी लावायची. निळा-गुलाबी रंग भाजल्यानंतरचा, म्हणून तर तो इतका उडालाय.

या लोकांना कोरोप्लाथोस म्हणायचे, म्हणजे बाहुल्या करणारा. शब्द मानाचा नव्हता. अथेन्सच्या इसोक्रेटिस या भाषणकाराने ख्रिस्तपूर्व ३५३ च्या सुमाराला स्वतःची बाजू मांडताना लिहिलंय की माझ्या कामाला हलकं म्हणणं म्हणजे अथेना देवीची मूर्ती घडवणाऱ्या शिल्पकार फिडियासला बाहुलीवाला म्हणण्यासारखं आहे. मला हे वाचून दर वेळी वाईट वाटतं.

पण मिरिना गावचा बाहुलीवाला दिफिलोस बघ. आत्ताच्या तुर्कस्तानचा पश्चिम किनारा, काळ इसवी सनाच्या सुरुवातीच्या थोडा अलीकडे-पलीकडे. या बाहुल्या बऱ्याचदा मेलेल्या माणसासोबत थडग्यात जायच्या, परत कुणी बघणार नाही असं धरून चालायचं, तरी त्याने मागे आपलं नाव घातलंय.

संग्रहालयाच्या स्टोअररूममध्ये शिरायची परवानगी मिळाली तर अखंड, देखणी मूर्ती मागू नकोस (१८७० नंतर तानाग्राची थडगी उकरली गेली, मागणी वाढली आणि नकलांचा सुळसुळाट झाला), फुटकी माग. आणि पुढच्या वेळी मला पाठीचे फोटो पाठव.